‘सहल ऐच्छिक आहे’ असं चिठ्ठीत लिहू नका : ठाणे-नवी मुंबईच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि सहलीची आखणी करणारे सर्व शिक्षक

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्यात राहते आणि घरीच शिकवण्या घेते, तिसरी ते सातवीच्या. सोळा वर्षं झाली. माझ्याकडची मुलं चार-पाच वेगवेगळ्या शाळांतली आहेत, त्यामुळे हे पत्र कुठल्या एका शाळेविरुद्ध नाही. बऱ्याच जणांचे वडील मार्केटात माथाडी आहेत, काहींचे रिक्षा चालवतात. आया वाशी-सानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. दिवाळीची सुट्टी संपली की या मुलांच्या हातात शाळेची एक चिठ्ठी पडते. शाळा वेगळी असली तरी मजकूर जवळजवळ तोच असतो. अमुक तारखेला अमुक रिसॉर्टला सहल, शुल्क कुठे 1,400, कुठे 1,650, कुठे त्याहून जास्त. खाली एक ओळ : सहल ऐच्छिक आहे. त्याच्याखाली आणखी एक : न येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी सुट्टी राहील.

चौथीतल्या एका मुलीने ही चिठ्ठी घरी दाखवलीच नाही. मला ती सापडली तिच्या गणिताच्या वहीत, खाकी कव्हरच्या आत, चार घड्या घालून ठेवलेली. मी विचारलं, तर म्हणाली, “आईला दाखवली की ती बाबांशी बोलणार, मग दोघं रात्री हिशेब करत बसणार. त्यापेक्षा मलाच जायचं नाही असं सांगितलं मी बाईंना.” नऊ वर्षांची मुलगी. तुमच्या वहीत तिच्या नावापुढे ‘इच्छुक नाही’ अशी नोंद झाली असेल.

सहलीच्या दिवशी ही मुलं काय करतात, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, कारण तुम्ही त्या वेळी बसमध्ये असता. मला कळतं, कारण ती माझ्याकडे येतात. घरी कुणी नसतं, आया सकाळी सातलाच कामावर गेलेल्या असतात. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अशीच सहा मुलं सकाळी आठला माझ्या दारात उभी होती. पाचवीतल्या एकाच्या पाठीला दप्तर होतं. शाळा नाही तर दप्तर कशाला, म्हणून उघडून पाहिलं. आत पाण्याची बाटली, एका डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, एक चिवड्याचं पाकीट आणि दोन चिक्क्या. त्याच्या आईने सहलीला जाणाऱ्या मुलाचा भरावा तसा डबा भरून दिला होता. मी ते दप्तर बंद केलं, भिजत घातलेली डाळ तशीच ठेवली आणि घराला कुलूप लावलं.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं आणि पर्समध्ये फार पैसेही नव्हते. त्या दप्तरवाल्या मुलाचे वडील कांदा-बटाटा मार्केटला आहेत, तो म्हणाला, “बाई, मार्केट बघायला पैसे पडत नाहीत.” आम्ही एनएमएमटीच्या बसने एपीएमसीला, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात गेलो.

मी इतकी वर्षं इथे राहते, पण भाजी घेण्यापलीकडे त्या मार्केटमध्ये कधी शिरले नव्हते. तो मुलगा मात्र तिथे सुट्टीत बापाचा डबा घेऊन जाणारा. गोण्यांच्या रांगांमधून आम्हाला नेताना तो थांबला आणि एका फाटक्या गोणीतला कांदा दाखवून म्हणाला, “हा लाल कांदा. आत्ता नवा येतो तो. ओला असतो, टिकत नाही. चाळीत साठवून ठेवतात तो उन्हाळी, तो वेगळा.” हे पाठ्यपुस्तकात नाही. बाकीची पाच मुलं कांदा हातात घेऊन, नखाने साल काढून बघत होती. मग त्याचे वडील आले, खांद्यावर घडी घातलेला टॉवेल, गोणी मानेला घासू नये म्हणून ठेवतात तो. मुलांनी विचारलं, काका, आज किती गोण्या उचलल्या? ते म्हणाले, ऐंशी झाल्या असतील. एक गोणी 50 किलोची. सहावीतल्या मुलीने तिथेच बोटांवर गुणाकार केला आणि म्हणाली, “चार हजार किलो. बाई, चार टन!” त्या मुलाने बापाच्या पाठीकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. पुढे फळ मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याने सगळ्यांच्या हातावर नागपूर संत्रं ठेवलं आणि पेटीत फळ कसं लावतात ते दाखवलं. चिवड्याचं पाकीट तिथल्या कट्ट्यावर फुटलं, पुऱ्या सहांत वाटल्या गेल्या.

सर, मॅडम, वर्गात ज्याला ‘इच्छुक नाही’ म्हणून बाजूला बसवलं होतं, तो त्या दिवशी आमचा वाटाड्या होता.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं की हा बाजार आधी मुंबईत होता, क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदर या भागात. गर्दीने तिथला श्वास कोंडला म्हणून तो इकडे आला : कांदा-बटाटा 1981 मध्ये, भाजी आणि फळं 1996 मध्ये. दाणाबंदर हे नाव मात्र धान्यबाजाराने मुंबईहून येताना सोबत आणलं, इथे बंदर नसताना. माथाडींसाठी अण्णासाहेब पाटील यांनी लढा दिला आणि 1969 मध्ये त्यांच्या कामाला संरक्षण देणारा कायदा झाला, हेही सांगितलं. माथाडीचा मुलगा शाळेत कायदा हा शब्द शिकतो तो नागरिकशास्त्राच्या धड्यात, आणि आपल्या घरात चूल पेटते ती एका कायद्यामुळे, हे त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हापासून आम्ही जातच राहिलो, सहलीच्या दिवशी आणि अधूनमधून रविवारी. खर्च म्हणजे लोकलचं तिकीट, तेही बारा वर्षांखालच्या मुलांचं अर्धं. मी काही भूगोलाची किंवा इतिहासाची पदवीधर नाही. वाचते, विचारते आणि मुलांना सांगते. मला जे जमलं ते तुम्हाला जमणार नाही, हे मला पटत नाही.

फ्लेमिंगोंचंच घ्या. मराठीत रोहित, अग्निपंखही म्हणतात. ठाण्याच्या खाडीचा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आपल्या खाडीचं नाव आहे. हिवाळा सुरू झाला की पक्षी येऊ लागतात, मे अखेरपर्यंत असतात. बोटीने जायचं तर पैसे पडतात. पण नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांच्या काठावर उभं राहायला पैसे लागत नाहीत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तळ्यावर एकही पक्षी नव्हता. मुलं हिरमुसली. काठावर फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, “भरतीची वेळ पाहून आलात का?” मग त्यांनीच समजावलं. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिकडे खायला जातात. भरतीचं पाणी चढून चिखल बुडाला की ते या तळ्यांवर येऊन विसावतात. म्हणजे पक्षी बघायचे तर घड्याळ नाही, समुद्र बघून निघायचं. त्या आठवड्यात मुलांनी वहीत भरतीच्या वेळा लिहायला सुरुवात केली. दिवसाला दोनदा भरती, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा. असं का, हा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि चंद्रावरचा जो धडा मला दर वर्षी ओढून-ताणून शिकवावा लागतो तो त्या वर्षी पोरांनी माझ्याकडून काढून घेतला.

दुसऱ्यांदा गेलो ते भरतीला. तळ्यात इतके पक्षी होते की मधलं पाणी गुलाबी दिसत होतं. एक मुलगा कितीतरी वेळ एकाच पक्ष्याकडे बघत होता. मग म्हणाला, “बाई, हा चोच उलटी करून खातो.” खरंच, मान खाली घालून चोच पालथी पाण्यात फिरवायची, पाणी आत ओढायचं, बाहेर टाकायचं, शेवाळ गाळून घ्यायचं. त्या शेवाळामुळेच अंगाला तो रंग. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. ज्याने हे पाहिलं त्याला चष्मा आहे आणि तो वर्गात शेवटच्या बाकावर बसतो.

याच तळ्यांपैकी एकात 2024 मध्ये भरतीचं पाणी येईना, वाट अडली होती. तळं आटलं, पक्षी मेले, तेव्हा इथल्या माणसांनी आवाज उठवला. मुलांना हेही सांगायला हवं. आपल्या गावाचं कौतुक फक्त गोड गोष्टी सांगून होत नाही.

वाशी-कोपरखैरण्याकडचे धारण तलावही मी याच ओघात दाखवले. मुलं तिथे रोज सायकल फिरवतात, पण तो तलाव तिथे का आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ही सगळी जमीन खाडीच्या कडेची, सखल. भरतीला खाडीचं पाणी जमिनीपेक्षा वर चढतं, तेव्हा पावसाचं पाणी बाहेर जायला जागा नसते. ते या तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. गाळ साचला की पाणी थांबायला जागा उरत नाही आणि मग रस्त्यावर येतं. दहा मिनिटांचं काम आहे काठावर उभं राहून हे सांगणं, आणि जुलैत घरात पाणी शिरतं तेव्हा मुलाला त्याचं कारण माहीत असतं.

ठाण्याला आम्ही ट्रान्स-हार्बरने जातो. ठाणे स्टेशनात उतरल्यावर मी मुलांना फलाटावरच सांगते की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथे आली होती. 34 किलोमीटर, 14 डबे, तीन इंजिनं, सुमारे 400 माणसं. मुलं इकडेतिकडे बघतात, त्यांना काही दिसत नाही, फक्त गर्दी दिसते. पण परतताना त्याच फलाटावर ती आपसांत तेच बोलत असतात.

स्टेशनपासून चालत तलावपाळी. मासुंदा तलाव, काठाला कौपिनेश्वराचं मंदिर, जवळच गडकरी रंगायतन. बोटीचे पैसे पडतात, काठाला बसायला नाही. तिथून टेंभी नाक्याकडे गेलं की 1879 मधलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग. आत जायचं तर आधी विचारावं लागतं, आम्ही बाहेरूनच पाहतो. बेने इस्रायली ज्यू घरात मराठी बोलत, कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. ज्यू हा शब्द त्यांनी फक्त दूरच्या युद्धाच्या बातम्यांत ऐकलेला असतो.

आणि मग जेलची भिंत. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला. आत जाता येत नाही, रस्त्यावरून भिंत दिसते, आणि गोष्ट सांगायला भिंत पुरते. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं. देशी माणसाचा भरवसा नाही म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. तिथल्या एका साहेबाच्या घोड्याची देखभाल करणारा मराठी मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता रोज गाणी म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटायचं, गातोय बापडा. गाण्यातून तो निरोप देत होता, सोबती कुठे दबा धरून आहेत, घोडा कुठे उभा आहे. 1816 च्या सप्टेंबरात एका रात्री त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला. पहाऱ्यावरच्या एकालाही मराठी येत नव्हतं!

मुलांनी ही गोष्ट माझ्याकडून तीनदा सांगून घेतली. तिसऱ्या वेळी त्यांनी रस्त्यातच नाटक केलं. एक घोडा झाला, एक मोतद्दार, दोघं गोरे शिपाई. मोतद्दाराने आयत्या वेळी जुळवलेलं गाणं असं होतं की घोडा झालेला मुलगा हसून खाली बसला. त्यानंतर मी त्यांना शांत केलं आणि सांगितलं की याच भिंतीआड 1848 मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना फाशी दिलं, आणि 1910 च्या एप्रिलमध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. पाचवीतल्या मुलाने विचारलं, “म्हणजे आमच्या दादाएवढे?” मी हो म्हणाले.

अशा जागा आणखी कितीतरी आहेत. ऐरोलीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आणि त्यातलं ग्रंथालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 चं, वि. ल. भावे ज्याच्या संस्थापकांपैकी एक. उपवनचा काठ. दिवाळे गावात होड्या लागल्यावर मासळी उतरवतात ते. प्रत्येकाविषयी लिहीत बसले तर पत्र संपणार नाही.

आता तुमच्या अडचणी. त्या मला समजतात. साठ मुलं रस्त्याने चालवत न्यायची म्हणजे जीव टांगणीला. रिसॉर्टवाला बस, नाश्ता, जेवण, पहारेकरी सगळं एकगठ्ठा देतो आणि तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. शहरातल्या सहलीला हे सगळं तुम्हाला जुळवावं लागेल. स्वच्छतागृहाचा प्रश्न तर खरोखर मोठा आहे, विशेषतः मोठ्या मुलींसाठी. मार्केटमध्ये मी दोन तासांहून जास्त थांबत नाही ते त्याचसाठी, आणि ठाण्याला जायचं तर कुठे थांबायचं हे आदल्या दिवशी जाऊन पाहून येते. पण एका वेळी एकच वर्ग न्या. वीस मुलांमागे एक शिक्षक आणि दोन पालक घ्या. आमच्या मुलांचे आईवडील आनंदाने येतील. सहलीला पैसे देता येत नाहीत म्हणून जी आई शाळेच्या फाटकातून मान खाली घालून जाते, ती दिवसभर मुलांची रांग सांभाळायला मान वर करून येईल.

दुसरी अडचण पालकांचीच असते, हेही मला ठाऊक आहे. “जेलची भिंत काय बघायची, वॉटर पार्क न्या” म्हणणारे आहेत. वॉटर पार्कला माझा विरोध नाही, पाण्यात खेळायला कुठल्या मुलाला आवडत नाही? तिथे आईवडिलांनी रविवारी न्यावं. शाळेच्या पटावर जितकी नावं आहेत तितकी मुलं शाळेच्या सहलीत हवीत. लांबच जायचं असेल तर एसटीची गाडी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात मिळते, तीही विचारात घ्या. पण वर्षातली एक तरी सहल अशी ठेवा की जिच्या चिठ्ठीत शुल्काचा रकाना नसेल. ती आधी ठेवा, रिसॉर्टच्या आधी, कारण उरलेल्या दिवसांत बसवायची म्हटलं की ती राहून जाते.

आणि रिसॉर्टची सहल ठेवलीच तर त्या दिवशी मागे राहणाऱ्या मुलांना सुट्टी देऊ नका. शाळा उघडी ठेवा, एक शिक्षक ठेवा, आणि त्यांना दोन स्टेशनं पलीकडे कुठेतरी घेऊन जा. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीच्या गप्पा निघतात, तेव्हा त्यांच्याकडेही सांगायला काहीतरी असावं. त्या मार्केटच्या सहलीनंतर आमचा तो मुलगा वर्गात काय सांगत होता हे मला त्याच्या मैत्रिणीने सांगितलं. तो म्हणत होता, “तुम्ही स्लाइडवर गेलात ना? आम्ही चार टनांचं गणित केलं.”

माझ्याकडे एक वही आहे. तीन वर्षांत आम्ही कुठे कुठे गेलो, स्टेशनापासून चालत किती वेळ लागला, पाणी कुठे मिळालं, कुठे बसून डबा खाता आला, कुणाची परवानगी लागली, हे सगळं मुलांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण वेळा बरोबर आहेत. ज्या शाळेला हवी असेल तिने निरोप द्यावा, मी वही घेऊन स्वतः येईन. फ्लेमिंगोंसाठी जानेवारी-फेब्रुवारीतल्या सकाळच्या भरतीच्या वेळा या आठवड्यात मुलं काढत आहेत. चिठ्ठीची घडी घालून ठेवणारी ती मुलगी आता सातवीत आहे आणि कोष्टकाच्या रेघा तीच मारते.

आपली नम्र,
कोपरखैरण्यातली एक शिकवणीवाली बाई